मोडीत निघालेली समई

गेल्या वर्षी चतुर्थीला आमचे एक आतेभाऊ अकरा वर्षांनी परदेशातून घरी आले. येण्यापूर्वी ते पेरू देशातील कुस्को नगरी पाहून आले होते. अँडीज पर्वताच्या कुशीत समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसलेले हे नगर म्हणजे इंका राजांची जुनी राजधानी होय. गणपतीपुढची आरती आटोपल्यावर त्यांनी पेटीतून हातभर रुंदीचे एक लोकरी वस्त्र काढले आणि चटईवर पसरले. गडद तांबडा रंग, त्यावर पांढऱ्या आणि काळ्या धाग्यांची नक्षी. कुस्कोजवळच्या चिंचेरो नावाच्या, आणखी उंचावरच्या खेड्यात बायका असे वस्त्र विणतात. मागाचे एक टोक खुंटीला आणि दुसरे स्वतःच्या कमरेला बांधलेले, म्हणजे विणणारीचे अंग हाच मागाचा अर्धा भाग. तो तांबडा रंग निवडुंगावर वाढणाऱ्या एका बारीक किड्यापासून काढतात, हे तेथील एका बाईने तळहातावर किडा चिरडून दाखविले. वस्त्राची किंमत आम्ही विचारली नाही, त्यांनीही सांगितली नाही. मात्र ते कोणी, कोठे, कशाने आणि किती दिवसांत विणले, हे सांगण्यात त्यांचा पाऊण तास गेला.

आणि मग त्यांनी सहज विचारले, "दादा, आता आपल्या पेडण्या-डिचोलीचे असे काय नेऊ?"

न्यायासनापुढे उत्तरे देण्यात ज्यांची वीस वर्षे गेली, ते आम्ही त्या प्रश्नापुढे निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका दुकानातून 'गोव्याची हस्तकला' म्हणून एक कोरीव डबी आणली, तर तिच्या तळाशी दूरच्या एका प्रांतातल्या कारखान्याची चिठ्ठी चिकटलेली! ती डबी त्यांनी हसत परत आमच्या हातात ठेवली. तेव्हा समुद्रकिनाऱ्यांचा बेत रद्द करून दोन दिवस त्यांना ह्या दोन तालुक्यांतून फिरविण्याचे आम्ही ठरविले. ती भटकंती आणि तिच्यात आम्हांस भोगावी लागलेली एक खजिली, ह्यांची ही हकीकत आहे.

कुस्कोविषयी त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट येथे नोंदविल्यावाचून पुढे जाववत नाही. १५३३ मध्ये स्पॅनिशांनी ते नगर घेतले आणि तेथील सूर्यमंदिराच्या, म्हणजे कोरिकांचाच्या, पायावर सांतो दोमिंगोचा मठ उभारला. २१ मे १९५० रोजी मोठा भूकंप झाला. मठाची पडझड झाली, आणि तिच्यातून चुन्यावाचून सांधलेल्या इंकांच्या जुन्या भिंती उघड्या पडल्या. त्यांना तडाही गेलेला नव्हता. हे ऐकताना आमच्या घरातली वृद्ध माणसे एकमेकांकडे पाहू लागली. ज्यांची कुलदैवते तिसवाडी, बार्देश आणि साष्टी सोडून नदीपलीकडे गेली, त्यांना ह्या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पहिल्या दिवशी पेडणे. तेथल्या भगवतीच्या देवळापुढे जे दोन भव्य हत्ती उभे आहेत, त्यांच्याकडे पाहुणे बराच वेळ पाहत राहिले. शेजारी देशप्रभूंचा विस्तीर्ण वाडा. पोर्तुगालच्या राजाने ज्या हिंदू घराण्याला व्हिस्काउंट ही पदवी दिली, ते हेच. कोजागिरीला पेडण्याची पुनव भरते आणि रवळनाथ-भूतनाथांची तरंगे निघतात, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. परंतु तरंग म्हणजे काय ह्याचा कारागिराच्या नजरेने विचार आम्ही तरी त्या दिवसापर्यंत केला नव्हता. दांडा सुताराचा, निऱ्यांचे वस्त्र विणकराचे, मुखवटा धातूचे काम करणाऱ्याचा. देव ज्यात संचारतो ते हे तरंग निरनिराळ्या जातींच्या हातांतून तयार होऊन गाभाऱ्याशी येते. पूर्वी पुनवेसारखी जत्रा ही देवदर्शनाइतकीच वर्षाच्या खरेदीचीही जागा असे. मडकी, सुपे, रोवळ्या, पोरांची लाकडी खेळणी, सारे तेथेच मिळे.

ही लाकडी खेळणी पेडण्याच्या उत्तरेस लागून असलेल्या सावंतवाडीची. तेथले चितारी लाकूड चरकावर फिरवीत त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, आणि केवड्याच्या पातीने तिला चकाकी आणतात. लाख हीदेखील किड्याचीच निर्मिती, तेव्हा पाहुण्यांच्या तांबड्या वस्त्राचे आणि आपल्या पोळपाट-लाटण्याचे नाते असे अचानक जुळले. चितारी आपल्या दक्षिणेस कुंकळ्ळीलाही आहेत. सावंतवाडीचा गंजिफा विसाव्या शतकात जवळजवळ नामशेष झाला होता. तेथील राजघराण्याने राजवाड्यातच कारागिरांना बसवून तो जगविला. आश्रयदाता असला म्हणजे कला तरते, हे त्यावरून दिसतेच. परंतु आपल्याकडे राजवाडा नाही. आपल्याकडे आहे ते देऊळ.

येथे थोडा इतिहास. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली आणि १५४० च्या सुमारास तेथील देवळे पाडण्यास आरंभ केला. १५६७ च्या गोव्याच्या पहिल्या धर्मपरिषदेने चर्चच्या मूर्ती आणि पूजापात्रे हिंदू कारागिरांकडून करवून घेण्यासही बंदी घातली. बंदी घालावी लागली, ह्याचाच अर्थ तोपर्यंत ती कामे हिंदू सोनार-चिताऱ्यांकडे जात होती. वकिलाला हा अनुमानाचा प्रकार परिचयाचा आहे. कायदा काय मना करतो हे वाचले, की लोक काय करीत होते ते कळते. देवळे नसली की समई कोण मागणार, घंटा कोण ओतवणार? जुन्या काबिजादीत हिंदू कारागिराचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले.

डिचोली आणि पेडणे ह्यांचे नशीब वेगळे. हे दोन्ही मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. हळर्णे आणि तेरेखोल हे किल्ले पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये जिंकले खरे, परंतु डिचोली त्यांच्या राज्यात आली ती १७८१ मध्ये, आणि पेडणे सावंतवाडीशी झालेल्या तहाने १७८८ मध्ये. पहिल्या काबिजादीनंतर अडीचशेहून अधिक वर्षे लोटली होती. धर्मांतराचा आवेश ओसरला होता, आणि नव्या काबिजादीतील प्रजेच्या धर्माला आणि चालीरीतींना हात लावणार नाही, असे वचन देऊनच हे प्रदेश ताब्यात घेतले गेले. म्हणून येथली देवळे राहिली, आणि देवळे राहिली म्हणून कुंभार, कासार, सुतार राहिले. आज डिचोलीत जे काही हातकाम दृष्टीस पडते, त्याचे मूळ ह्या अडीचशे वर्षांच्या विलंबात आहे, असे आमचे मत आहे.

पेडण्याहून परतताना हरमलच्या मिरच्यांची एक माळ घेतली. तिला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. १९९९ च्या ज्या कायद्याने ही नोंद होते, तिचा गोव्यातील पहिला मान २००९ मध्ये फेणीला मिळाला. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिका खंडातून आली, आणि काजूही तिकडचाच, हे सांगताच पाहुणे म्हणाले, "म्हणजे मी तिकडून आणले त्याच्या बदल्यात तुम्ही मला तिकडचेच देता आहात!" चारशे वर्षांत पाहुणा घरचा होतो, हे आम्ही त्यांना समजाविले, पण त्यांचा प्रश्न अजून उभाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नार्वे. श्रीसप्तकोटेश्वर हे कदंबांचे कुलदैवत. दिवाडीवरचे त्याचे मूळ स्थान उद्ध्वस्त झाल्यावर ते नदी ओलांडून येथे आले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने शके १५९० च्या कार्तिक वद्य पंचमीस, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ रोजी, ह्या देवालयाचे काम सुरू झाले, हे दारावरच्या शिलालेखात लिहिलेले आहे. अलीकडेच झालेल्या जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. पाहुण्यांना कुस्कोची भिंत आठवली. आमचे लक्ष मात्र समोरच्या दीपमाळेकडे होते. तिचे कारण पुढे येईल.

डिचोलीस पोचलो तो बुधवार, बाजाराचा दिवस. चतुर्थी नुकतीच होऊन गेल्याने माटोळीची गर्दी ओसरली होती. एका कुंभारणीपुढे बुडकुली, धुपाटणी, पणत्या आणि दोन घुमटे मांडलेली होती. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे मडके. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवायचे आणि लहान तोंड तळहाताने झाकत-उघडत नाद घुमवायचा. पूर्वी ह्यावर घोरपडीचे कातडे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून ते वर्ज्य झाले आणि बकऱ्याचे कातडे आले. जुने वादक म्हणतात की नाद तो नव्हे. कायदा योग्य आहे ह्याविषयी आम्हांस शंका नाही, आणि वादकांचे म्हणणे खोटे आहे असेही आम्हांस म्हणवत नाही. कुंभारणीचे गाऱ्हाणे मात्र कातड्याचे नव्हते, मातीचे होते. मडक्याची माती भातशेतातली. ह्या तालुक्यात उघड्या खाणींचा लाल गाळ वर्षानुवर्षे पावसाबरोबर शेतांत उतरला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली, त्या निकालपत्राची पाने आम्ही धंद्याच्या निमित्ताने अनेकदा चाळली आहेत. कुंभाराच्या मातीचा विचार मात्र ती चाळताना आमच्या मनात कधी आला नव्हता. पाहुण्यांनी पोतोसीची गोष्ट सांगितली. अँडीजमधल्याच त्या सुमारे चार हजार मीटर उंचीवरच्या नगरात १५४५ मध्ये चांदीचा डोंगर सापडला. त्या चांदीची स्पॅनिश नाणी लिस्बनच्या जहाजांतून जुन्या गोव्याच्या धक्क्यापर्यंत येत. डोंगर अजून उभा आहे, आतून पोखरलेला.

आता कासारांच्या वाड्याकडे वळू.

गोव्याची पितळी समई प्रसिद्ध आहे, आणि तिचे माहेर डिचोली. समई एका तुकड्यात होत नाही. बैठक, दांडा, दांड्यावरच्या कड्या, तेलाची थाळी आणि वरचा हंस असे भाग निरनिराळे ओततात. नमुना बारीक वाळूच्या दोन पेट्यांत दाबून त्याचा ठसा घेतात, नमुना काढून त्या पोकळीत वितळलेले पितळ ओततात. मग चरकावर चढवून, कानशीने घासून भागाला भाग जुळेल असे आटे पाडतात. ऐकावयास सोपे वाटते. खरी परीक्षा मुशीपाशी आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. तांबे १,०८५ अंशांना वितळते, आणि जस्त त्याच्या पुष्कळ आधी, ९०७ अंशांनाच, उकळून हवेत जाऊ लागते. म्हणजे आच कमी पडली तर रस साच्याच्या कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही, आणि जास्त झाली तर पांढरा धूर होऊन जस्तच उडून जाते व पितळ तांबूस निघते. भट्टीपाशी उष्णतामापक यंत्र आम्हांस दिसले नाही. म्हातारा कासार धुराचा रंग आणि रसाचा उजाळा पाहतो आणि "आता" म्हणतो. तो एक शब्द शिकण्यास त्याला, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, बारा वर्षे लागली.

पाहुणे ते ओतकाम पाहण्यात गुंतले होते. आम्ही खिशातून एक जुने छायाचित्र काढले.

हे छायाचित्र आमच्या गावच्या देवळातल्या एका समईचे. त्याची कथा सांगताना लेखणी अडते, परंतु हा लेख लिहिण्याचे कारणच ते आहे. आमच्या देवस्थानाच्या जिनगीच्या जुन्या पोर्तुगीज यादीत पितळेच्या सात समया नोंदलेल्या आहेत. पाचसहा वर्षांपूर्वी समितीपुढे सूचना आली, की समया काळवंडल्या आहेत, दोन गळतात, एकीचा हंस हरवला आहे. तेव्हा त्या मोडीत काढून बाजारातल्या चकचकीत नव्या घ्याव्यात. कोणी विरोध केला नाही. पाच समया वजनावर भंगारवाल्यास दिल्या गेल्या, आणि त्याबद्दलचा ठराव १९३३ च्या महाजनी नियमावलीस अनुसरून, अगदी निर्दोष भाषेत, ज्यांनी लिहून दिला ते कायदेशीर सल्लागार म्हणजे प्रस्तुत लेखक. त्या मसुद्यात आजही आम्हांस एकही चूक काढता येत नाही, आणि ह्याचेच दुःख अधिक आहे. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे देशाबाहेर नेता येत नाही. पण देवळाच्या मागच्या दारी लागलेल्या तराजूत ती घालण्यास तो कायदा आडवा येत नाही.

नव्या समया पत्र्याच्या, आतून पोकळ. पहिल्याच वर्षी पालखीच्या गर्दीत धक्का लागून एक कलंडली आणि तेल पसरले. तेव्हापासून त्यांच्या बैठकीत वाळू भरलेली आहे.

म्हाताऱ्या कासाराने छायाचित्र उजेडाकडे धरले. दांड्यावरच्या दोन कड्यांमधल्या एका बारीक खाचेवर बोट ठेवून तो म्हणाला की ही खाच त्याच्या आजोबांच्या घरची. दुसऱ्या घरचे कासार तेथे मणी सोडीत. मग त्याने विचारले, वजन किती भरले होते? आम्हांस सांगता आले नाही. पावती असेल, असे काहीतरी पुटपुटलो. त्यावर तो रागावला नाही. इतकेच म्हणाला, "बाब, मोडींत घालपाचीच आशिल्ली जाल्यार आमकां दिवंक जाय आशिल्ली."

ह्या वाक्यात एक जुना व्यवहार भरलेला आहे, तो पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवतो. पूर्वी फुटके भांडे कोणी टाकीत नसे. ते कासाराकडे जाई, त्याचे वजन होई, आणि त्याच पितळेत थोडी भर घालून नवे भांडे ओतले जाई. गिऱ्हाइकाने द्यावयाची ती घडणावळ, धातू त्याचाच. आजीच्या घागरीचे पितळ नातीच्या लग्नातल्या परातीत असे. देवळाची मोडकी समई कासाराकडे गेली की त्याच पितळेची समई परत देवापुढे येई. म्हणजे मोड ही शेवट नव्हती. भंगारवाल्याच्या तराजूत पडलेले पितळ कोणत्या गावी वितळले आणि त्याचे नळ झाले की कड्या, हे कोण सांगणार? आणि त्याबरोबर कासाराचा नमुनाही गेला, कारण जुनी समई हाच त्याचा साचा असतो. ह्या घरात दांड्याचे लाकडी नमुने आहेत, थाळीचे आहेत. त्या खाचेच्या दांड्याचा नमुना वाळवीने खाल्ला. आमच्या पाच समया असत्या तर त्यावरून तो पुन्हा घेता आला असता.

पाहुण्यांनी येथे कुस्कोकडची एक माहिती दिली. तिथे १९९६ मध्ये विणकरांच्या कन्येनेच पारंपरिक वस्त्रकलेचे एक केंद्र काढले, आणि विसरत चाललेल्या नक्षी म्हाताऱ्या बायकांकडून तरुण मुलींना शिकविण्याचे काम त्या केंद्रात चालते. परदेशी प्रवासी ती वस्त्रे घेतात, हे खरे. आमच्या मते आपल्याकडे तेवढ्यावर भागणार नाही. कलंगुटचा प्रवासी फार तर वीतभर समई नेईल. पुरुषभर उंचीची समई, कांसाळी, घंटा, पंचारती मागणारे गिऱ्हाईक एकच, आणि ते म्हणजे देवस्थान. नार्व्याच्या दीपमाळेकडे पाहताना आम्हांस हेच खुपत होते. मुसलमानी आणि पोर्तुगीज सत्तांनी जे साधले नाही, ते आम्ही महाजनांनी दरपत्रके मागवून साधले, असे कोणी म्हटले तर त्याचा प्रतिवाद करण्याचे वकीलपत्र आम्ही घेणार नाही.

बाजारातून निघताना आमच्या सौभाग्यवतींनी सांगितलेली सुपे घ्यावयाची होती. गौरीचे वायन सुपातूनच द्यावयाचे असते, आणि सूप बांबूचेच लागते. ती विणणारी वृद्ध बाई रस्त्याच्या कडेला, सावलीपासून थोडी दूर बसली होती. पाहुण्यांनी तिला चिंचेरोच्या विणकरणीला विचारले असतील तसेच प्रश्न विचारले. बांबू कोठून आणता, पाती किती पातळ काढता, एका सुपाला वेळ किती? तिने आधी संशयाने पाहिले, मग हसून कोयतीने एक कांब चिरून दाखविली. तिची सुपे पिढ्यान् पिढ्या आमच्या देवघरांत गेली. तिच्या आजीला मात्र आमच्या देवळाच्या सभामंडपात पाऊल टाकता येत नव्हते. हेही इतिहासात लिहावयास हवे. देवळांनी कारागीर राखले असे वर म्हटले, त्याला ही दुसरी बाजू आहे. भाव न करता तीन सुपे घेतली.

पाहुण्यांनी शेवटी वीतभर उंचीची पंचमुखी समई नेली. तिचे वजन, तिच्या कासाराच्या आजोबांची खाच आणि त्या "आता"ची गोष्ट हे सारे त्यांनी वहीत उतरून घेतले. विमानतळावरच्या तपासनिसाने ती उघडून पाहिली तेव्हा त्यालाही त्यांनी ते सांगितले म्हणे.

आमचे काम अजून उरले आहे. देवळाच्या कोठीत त्या सातांपैकी दोन समया शिल्लक आहेत. त्यांतली एक त्याच खाचेची निघाली. ती डिचोलीस नेऊन तिच्यावरून दांड्याचा नमुना करून घ्यावा, पत्र्याच्या समया टप्प्याटप्प्याने बदलाव्यात आणि ह्यापुढे देवस्थानाची कोणतीही धातूची वस्तू कासारास दाखविल्यावाचून मोडीत काढू नये, असा नवा ठराव आम्ही लिहिला आहे. कासाराने इसारा घेतला नाही. आधी समई आणा, म्हणाला. आणि दिवाळीनंतर आणा, तोवर पावसाची ओल वाळूतून गेलेली असेल. समितीची सभा येत्या रविवारी आहे. कार्यक्रमपत्रिकेत हा विषय सातवा आहे, ध्वनिक्षेपकाच्या दुरुस्तीनंतरचा.